घोटीचं उलटं लेथ

लेथने पहिल्यांदा लाकूड फेकलं तेव्हा माझी पटाशी हातातून सुटली होती आणि ती उचलायला मी खाली वाकले होते. म्हणून वाचले. हातभर लांबीचा सागवानी खांब माझ्या डोक्यावरून गेला आणि मागच्या भिंतीचा गिलावा घेऊन खाली पडला. मी उठून बटण बंद केलं. लेथ थांबलं नाही. त्यावर लाकूड नव्हतं, वीज बंद केलेली होती, तरी ते रिकामं फिरत राहिलं. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले, पदराला हात पुसले, तेव्हा कुठे ते थांबलं. थांबताना घसा खाकरल्यासारखा आवाज केला.

आमचं काम कातारीचं. लाकूड दोन टोकांमध्ये धरायचं, गरगर फिरवायचं आणि त्याला पटाशी लावून गोल आकार काढायचा. लाटणी, रव्या, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब. जुन्या नाशकातल्या आमच्या गाळ्यात ते लेथ सासऱ्यांनी बसवलं होतं. बैठक बाभळीची, बाकी लोखंड. नवऱ्याने त्याला मोटर जोडली. नवरा गेल्यावर आठ-नऊ वर्षं ते मी एकटीने चालवलं. आता बाभळीला आरपार चीर गेली होती. फिटरला बोलावलं तर त्याने दोन ठिकाणी हात लावला आणि हात झटकले.

“मावशी, ह्याला आता लाकूड धरायचंच नाही,” तो म्हणाला. “ह्याला सोडायचं आहे.”

पुढच्या महिनाभरात त्याने आणखी दोनदा लाकूड सोडलं. दुसऱ्या वेळी माझा कान फाटला. मुलाने भिंत बघितली, माझा कान बघितला. मुलगा सातपूरला कंपनीत नोकरीला. स्वभावाने वाईट नाही, पण एकदा बोलायला लागला की कंपनीतल्या सुपरवायझरसारखा बोलतो.

“बस झालं आई. गाळा भाड्याने देऊ. झेरॉक्सवाला मागतोय कधीचा.”

“आणि मी काय करू?”

“घरी बस.”

“बसून काय करू?”

“बाकीच्या बायका काय करतात?”

“मरायची वाट बघतात.”

त्याने ऐकलं नाही. शेवटी असं ठरलं की दिवाळीपर्यंत मी दुसरं चांगलं लेथ आणायचं. नाही मिळालं तर गाळ्याला कुलूप. श्रावण चालू होता. म्हणजे माझ्या हातात तीन महिने होते.

तेवढ्यात काम तर भरपूर आलं होतं. सिंहस्थ वर्षभरावर होता. त्र्यंबकेश्वरचा एक व्यापारी यात्रेकरूंना लाकडी देव्हारे विकायचा. त्याच्या देव्हाऱ्यांचे खांब मीच करायचे. एका देव्हाऱ्याला चार खांब, चारही सारखे. प्रत्येकावर एकाखाली एक अशी नऊ गोल कडी. चारातला एक जरी वेगळा निघाला तर गिऱ्हाईक तोंड फिरवतं. या वर्षी त्याला दुपटीने खांब हवे होते.

लेथ बाजारात मिळतात. पण माझी अडचण वेगळी होती. माझं लेथ उलटं फिरायचं.

ते असं. मी लग्न होऊन आले तेव्हा मोटर नव्हती. लाकडाला दोरीचे वेढे द्यायचे आणि समोर बसलेल्या माणसाने दोरीची दोन्ही टोकं आळीपाळीने ओढायची. नवरा त्या बाजूला पटाशी धरून बसायचा, मी या बाजूला दोरी ओढत. दहा-बारा वर्षं मी त्याचे हात समोरून बघितले. मला कोणी कातायला शिकवलं नाही, बायकांना शिकवत नसत. मी बघून शिकले, आणि समोरून बघितल्यामुळे आरशातलं शिकले. जेवते उजव्या हाताने, पटाशी धरते डाव्या हाताने. मोटर आली, दोरी गेली, पण माझी जागा तीच राहिली. मी माझ्या बाजूला बसून कातायचं तर लाकूड माझ्याकडे फिरायला हवं. मग नवरा मोटरचा पट्टा काढायचा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मधे फुली पडेल असा पुन्हा चढवायचा. फुली पडली की लेथ उलटं फिरतं. तो बसला की पट्टा सरळ, मी बसले की फुली. तो गेल्यावर पट्टा सरळ करायचं कारण उरलं नाही.

गल्लीत त्यावरून बोलणं झालंच. मयताच्या वेळी सगळं उलटं करतात, फेरी उलटी घालतात, आणि ही बाई नवऱ्याच्या मागे लेथ उलटं फिरवते. एका शेजारणीने तर सून गरोदर असताना तिला आमच्या गाळ्यासमोरून जायला बंदी केली होती. मी पट्टा तसाच ठेवला. येणारी-जाणारी माणसं कमी झाली, काम जास्त झालं.

आधी मुंबई नाक्याजवळच्या मशिनरीच्या दुकानात गेले. हिरव्या रंगाचं नवंकोरं लेथ होतं. बैठक ओतीव लोखंडाची, हात लावला तर गार. मी सगळीकडून वाकून बघितलं.

“पट्टा कुठे आहे ह्याचा?”

“आत आहे मावशी, पेटीत. व्ही-बेल्ट. हाताला लागायला नको म्हणून,” दुकानदार म्हणाला.

“ह्याला फुली पाडता येईल?”

“फुली?”

मी बोटांनी दाखवलं. तो हसला. “अहो, हा पट्टा पिळला की तुटतो. उलटं फिरवायचं तर मोटरच्या वायरी बदलाव्या लागतील. आणि तसं केलं तर लाकूड पकडणारा पुढचा चक आटीवरून सुटत येईल. मग लाकूड नाही, अख्खा चक अंगावर.”

“मग माझ्या उपयोगाचं नाही.”

“सरळ चालवा ना. सगळं जग सरळच चालवतं.”

त्याने एक लाकूड चढवून दिलं. मी दुसऱ्या बाजूला गेले, नवऱ्याच्या बाजूला, आणि पटाशी उजव्या हातात धरली. पहिल्या झटक्यात लाकूड फाटलं. दुसऱ्यांदाही फाटलं. तिसऱ्यांदा पटाशीच उडाली आणि दुकानदार कपाटामागे गेला. “सवय होईल,” तो तिथूनच म्हणाला. माझं वय तेव्हा सत्तावन्न होतं.

चांदवडला एक लेथ विकायला आहे असं कळलं म्हणून तिकडे जाऊन आले. मी पोचायच्या आदल्या दिवशी ते भंगारात गेलं होतं. भाद्रपद उजाडला. मी जुन्या लेथवर काम करत राहिले, डोकं एका बाजूला कलतं ठेवून.

मग एक दिवस त्र्यंबकचा व्यापारी खांब न्यायला आला आणि उंबऱ्यात उभा राहूनच म्हणाला, “मावशी, तुमची सोय झाली. तुमच्यासारखंच एक उलटं लेथ आहे घोटीला. फुकटात पडल्यासारखं मिळेल.”

“फुकटात का?”

“मालक मेला.”

“मालक मेला म्हणून लेथ फुकट कशाला देतील?”

“अहो, कारण अजून तोच चालवतो.” तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याचंही हसू ओसरलं. “लोक बोलतात हो. माणूस कातता कातता गेला. छातीत कळ आली आणि तिथेच. खांब अर्धा राहिला लेथवर. कोणी काढला नाही.”

हे मला समजलं. आमच्यात अर्धा जिन्नस लेथवर ठेवून उठत नाहीत. पाणी प्यायला जरी उठायचं झालं तरी तो उतरवून खाली ठेवायचा. वर राहिला तर कामात हात अडकून राहतो म्हणतात. सासरे लघवीला जातानाही उतरवून जायचे. आणि दुसऱ्याचा अर्धा जिन्नस जो उतरवेल त्याने तो पुरा करायचा. मेलेल्या माणसाचा कोण पुरा करणार? म्हणून कोणी हात लावला नसेल.

“तसाच आहे तर तो खांब?” मी विचारलं.

“तसाच कुठला? तो वाढतोय.”

“खांब कसा वाढेल?”

“लांबीने नाही हो. कडी वाढतायत. दर महिन्याला एक.”

दुसऱ्या आठवड्यात मी एस.टी.ने घोटीला गेले. उतरले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. भाताची खाचरं गच्च हिरवी होती आणि वारा अजिबात नव्हता. घर गावाच्या कडेला. पुढच्या अंगाला मेलेल्या कातारीचा धाकटा भाऊ राहायचा, भातशेती करायचा. मागच्या अंगाला विधवेची एक खोली आणि तिला लागून लेथची खोली. मूलबाळ नव्हतं. भाऊ अंगणात बाजेवर बसला होता. लेथ विकायला त्यानेच काढलं होतं. मी लेथसाठी आले म्हटल्यावर तो उठून उभाच राहिला.

“या ताई. बघा आन् आजच्या आज घेऊन जा. टेम्पो मी देतो.”

“आधी बघू तर द्या. तुम्ही चला दाखवायला.”

“तुम्हीच जा. दार उघडंच हाय.” तो बाजेवर परत बसला. “मी त्या खोलीत जात नाय.”

आतून भावजय चहा घेऊन आली. तिचा नवरा जाऊन सहा महिने झाले होते. चाळिशीची असेल, कपाळ मोकळं, नजर खाली. चहा ठेवला आणि आत गेली.

“तुमचा भाऊ डावरा होता का?” मी विचारलं.

“नाय वो. चांगला उजवा.”

“मग लेथ उलटं कसं?”

“तेच तर.” त्याने आवाज खाली आणला. “तो व्हता तवर सरळ फिरायचं. तो गेला आन् उलटं फिराया लागलं. मयताचंच लक्षण ते. आपोआप चालू व्हतं, ताई. भर दुपारी. खोलीत माणूस नाय आन् आवाज. मी खिडकीतून बघितलंय. आन् तो खांब. भावाला मीच तिथनं उचलला, खांब माझ्या डोळ्यांनी बघितलेला हाय. दोन कडी व्हती. दोनच. परवा मोजली तर सात.”

“भावजय काय म्हणते?”

“ती काय म्हणंल? तिला तिच्या माहेरी पोचवणार हाय मी. लेथ गेलं की खोली मोकळी व्हईल, तिथं भाताची पोती ठेवीन.”

मी चहा तसाच ठेवला आणि आत गेले.

खोली लहान होती, एकच खिडकी. कोपऱ्यात खुंटीला मेलेल्या माणसाची टोपी. टोपीवर धूळ, फळीवर धूळ, डब्यांवर धूळ. लेथवर धूळ नव्हती. आणि वास होता. लाकूड कातलं की दोन दिवस वास राहतो, मग जातो. सहा महिने राहत नाही. मी पाय घासून बघितला. जमीन झाडलेली होती.

आधी मी ज्या कामासाठी आले होते ते केलं. बैठक लोखंडाची, सरळ. हाताने फिरवून बघितलं, कुठे खडखड नाही. चक नव्हता, आटीचं काही नव्हतं, नुसती दोन टोकं, मला हवी तशी. पट्टा रुंद कापडी. पट्ट्याला मधे फुली पडलेली. इतकं माझ्या मनासारखं लेथ मी दुकानात बसून सांगून करून घेतलं असतं तरी झालं नसतं. मी मनात टेम्पोत चढवलंसुद्धा.

मग खांबाकडे बघितलं. सागवानाचा, देव्हाऱ्याच्या मापाचा. मोटरीच्या बाजूने सात कडी पाडलेली, पुढचं लाकूड कोरं.

कातलेलं लाकूड पॉलिश होईपर्यंत मांजराच्या पाठीसारखं असतं. एका बाजूने हात फिरवला तर मऊ लागतं, दुसऱ्या बाजूने फिरवला तर किंचित खर लागते. लाकूड ज्या बाजूला फिरत होतं त्यावर ते असतं. माझे खांब इतर कातारींच्या उलट लागतात. नाशकात, त्र्यंबकात, मी हातात घेतलेल्या कुठल्याही जिनसात, माझ्यासारखे लागणारे फक्त माझेच होते. मी एकेका कड्यावर अंगठा फिरवला. पहिलं सरळ. दुसरं सरळ. तिसरं सरळ. चौथ्यावर अंगठा गेला आणि मी हात मागे घेतला.

चौथं माझं होतं. पाचवं, सहावं, सातवंही. कड्याचा उतारही माझा, कडेला जरा घाई केल्यासारखा. या खोलीत मी जन्मात आले नव्हते हे मला माहीत होतं. पण अंगठा सांगत होता की ही मीच कातली आहेत. माझ्या हाताने, माझ्या बाजूने बसून. मी त्या बाजूला वाकून बघितलं. तिथे एक पाट मांडलेला होता.

आणि लेथ सुरू झालं.

मी बटणाजवळही नव्हते. पट्टा सळसळला, खांब फिरायला लागला, उलटा, आणि सातही कडी एकात एक मिसळून दिसेनाशी झाली. बाहेर पेला पडल्याचा आवाज आला, मग भावाचं “आई गं!” आणि मग पळणाऱ्या चपला. मी घाबरले नाही असं लिहिणार नाही. माझे पाय जागचे हलले नाहीत. मी फक्त वायर बघितली, कारण वीज कुठून तरी आलीच पाहिजे. वायर मोटरमधून निघून भिंतीला धरून वर गेली होती आणि भिंतीतल्या एका भोकातून पलीकडे, विधवेच्या खोलीत. भोकाशेजारी वीट काढलेली होती. त्या जागेतून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

“बंद कर,” मी म्हटलं.

डोळा गेला. लेथ थांबलं. हे चांगलं लेथ होतं, लगेच थांबलं.

ती आली. आता तिची नजर खाली नव्हती.

“तुमाला भ्या नाय वाटलं?” तिने विचारलं. तक्रार केल्यासारखं.

“वाटलं. डावा हात दाखव.”

तिने दाखवला. पटाशीचा दांडा जिथे टेकतो तिथे घट्टा होता, कोवळा, अजून लाल.

“समोर बसून दोरी ओढायचीस ना?”

“तुमाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. सांग.”

“वीज लय जायची आमच्याकडं. मग ते दोरी बांधायचे आन् मी ओढायची. वीस वरसं ओढली.” तिने दाराकडे बघितलं. “ते गेल्यावर एकदा बसून बघितलं. सरळ जमंना. मग पट्टा फिरवला. दुपारी दीर शेतावर असतो. तरी एकदा आवाज ऐकला त्यानं. भूत भूत करत गावभर सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं.”

“बरं काय त्यात?”

“भुताला कोण हाकलतंय, मावशी? बाईला हाकलत्यात. लेथ हाय तवर मी हाय. चार जण आले घ्यायला, चारही पळाले.” तिने माझ्या पायांकडे बघितलं. “तुमीच नाय पळाल्या.”

“दुसरं लाकूड घेऊन का नाही शिकलीस? मेलेल्याच्या खांबावर कशाला?”

“तो काढला तर दिराला कळंल ना की कोणीतरी हात लावला. महिन्याला एक कडं पाडते. हळूच. चार झाली.”

“आणि त्याने किती पाडली होती?”

“दोन.”

“तीन असतील.”

“दोनच. मी रोज पुसत व्हते तो खांब. तेरावं होईस्तोवर दुसरं काय करणार? दोनच व्हती.”

मी खांबाकडे बघितलं नाही. सात कडी होती. चार तिची, उलटी. दोन नवऱ्याची. एक राहिलं, आणि ते सरळ होतं, उजव्या हाताचं, त्याच्या दोन कड्यांना चिकटून, त्यांच्याच उताराचं. तिने माझ्यासारखी अंगठ्याने कडी मोजली नसतील. किंवा मोजली असतील आणि तिला ते माहीत असेल. मी विचारलं नाही.

“न्यायचं असंल तर न्या,” ती म्हणाली. “पण कोण चालवत व्हतं ते सांगू नका.”

मी बाहेर आले. भाऊ रस्त्याच्या पलीकडे आंब्याच्या झाडाखाली उभा होता. एका पायात चप्पल होती.

“बघितलं ना ताई? बघितलं?”

“बघितलं. मला नको.”

“फुकट न्या. टेम्पोपण फुकट.”

“फुकटही नको. आणि तुम्हीही ते हलवू नका. खांब पुरा झाल्याशिवाय लेथ हलवत नाहीत.”

“पण पुरा कोण करणार?”

“करतंय ना कोणीतरी,” मी म्हटलं. “त्याला करू द्या. मधे पडू नका. भावजयीला तिथेच राहू द्या, दिवा लावायला माणूस लागतो.”

तो हात जोडून उभा राहिला. मी एस.टी. धरली.

मुलाने नंतर विचारलं, इतकं चांगलं लेथ का सोडलंस. त्याला मी सांगितलं की बैठक वाकलेली होती. पुढे एकदा शेजारणीला खरं सांगितलं, तर ती म्हणाली, केवढं मन तुमचं, त्या बाईसाठी सोडलंत. मनाचा काही संबंध नाही. तिला माहेरी पाठवलं असतं तर गेली असती, जगली असती, बायका जगतात. मला लेथ हवं होतं आणि ते माझं ठरलं होतं. पण ते गाळ्यात आणलं असतं तर मला रोज त्याच्या या बाजूला एकटीने बसावं लागलं असतं आणि समोरच्या बाजूला कोणी नाही हे धरून चालावं लागलं असतं. तिला ते जमत होतं. तो तिचा नवरा होता. माझा कोणी नव्हता.

मी मुंबई नाक्यावरचं हिरवं लेथ आणलं. दिवाळीच्या आठ दिवस आधी ते गाळ्यात बसलं आणि मुलाला झेरॉक्सवाल्याला नकार द्यावा लागला. जुनं लेथ हातगाडीवर घालून पाठवून दिलं. मी सरळ बाजूला उभी राहून, पटाशी उजव्या हातात धरून, पहिलीपासून शिकले. पहिल्या आठवड्यात सगळं जळण झालं. दुसऱ्या आठवड्यात लाटणी जमली. लाटणं कोणी दुसऱ्या लाटण्याशी जुळवून बघत नाही. खांब मात्र जमेनात. कड्याला कडं जुळत नव्हतं. चारातला एक दुसऱ्या कोणाचा वाटायचा. तरी मी ते व्यापाऱ्याला दिले, कारण त्याला घाई होती.

पुढच्या होळीच्या सुमाराला तो आला. बरोबर दोन गठ्ठे होते. एक त्याने माझ्यासमोर ठेवला.

“मावशी, हे तुमचे नाहीत. कोणाकडून करून घेतले?”

“माझेच आहेत.”

“माझ्याशी खोटं बोलू नका. पंधरा वर्षं तुमचा माल विकतोय.” त्याने दुसरा गठ्ठा सोडला. “हे बघा. हे तुमच्यासारखे आहेत. तुमचेच म्हणून मी विकतोय, कोणी ओळखत नाही. आणि हे कुठले माहीत आहे? घोटीचे.”

मी एक खांब उचलला. नऊ कडी, कडेचा उतार जरा घाईचा. अंगठा फिरवला. माझ्या हाताची सवय गेली होती, पण खांबात होती.

“कोण आणून देतं?” मी विचारलं.

“त्या मेलेल्याचा भाऊ. पोत्यात घालून एस.टी.ने आणतो. कोणी कातले असं विचारलं तर नुसता वर हात दाखवतो.” तो हसला, पण दाराकडे बघत. “पैसे मात्र भावजयीच्या हातात द्या म्हणतो. मेलेल्या भावाने तसं सांगितलंय म्हणे.”

“मग पुढचे खांब तिकडूनच घ्या. मी लाटणी करते.”

“तुम्हाला चालेल? सिंहस्थाचं सगळं काम जाईल तुमचं.”

“गेलंच आहे.”

तो गठ्ठा बांधायला लागला. चाळीसेक खांब असतील. एकेकावर अंगठा फिरवून बघावं, त्यात एखादा सरळ लागतो का ते बघावं, असं माझ्या मनात आलं. हात पुढेही केला होता. मग मागे घेतला आणि त्याला सुतळी दिली.

“मावशी,” तो गाठ मारता मारता म्हणाला, “तुम्ही गेला होतात तिथे. खरं सांगा, कोण काततंय?”

“माल वेळेवर येतो?”

“येतो.”

“चारही सारखे असतात?”

“एकदम.”

“मग झालं,” मी म्हटलं. “विचारू नका.”